मदत हवी आहे: काँप्रेसरमधला सर्ज आधीच कसा ओळखायचा? शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे

भोवरा_२४:
एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे. गॅस टर्बाइनच्या काँप्रेसरला सर्ज (आतली सगळी हवा एकदम मागेपुढे हेलकावणं) येण्याआधी अलार्म वाजला पाहिजे. थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) आवळत नेला की ८५ हर्ट्झला ठसठशीत पीक येतं, दाबाच्या दोन्ही सेन्सरवर. म्हणजे सर्जच ना? पण थ्रॉटल उघडा असतानाही ते अधूनमधून डोकावतं आणि अलार्म उगाच बोंबलतो. अलार्मचा थ्रेशोल्ड (मर्यादा) किती ठेवू? गाईड म्हणतात पेपर वाच. वाचलेत. प्लीज कुणीतरी आकडा सांगा.

वातकुक्कुट:
आकडा कशाचा सांगू? अ‍ॅक्सियल की सेंट्रिफ्यूगल? आरपीएम? सेन्सर कुठे? 'दुखतंय, गोळी किती मिलिग्रॅमची घेऊ' असं विचारताय.

भोवरा_२४:
सिंगल स्टेज अ‍ॅक्सियल, ३००० आरपीएम. सेन्सर केसिंगवर, रोटरच्या तोंडाशी, समोरासमोर. सेकंदाला ५००० सॅम्पल.

सांताक्रूझ_रिटायर्ड:
बाळा, आम्ही हँगरमध्ये आयुष्य काढलं. सर्ज ओळखायला सेन्सर लागत नाही. धडाम्! शेपटाकडून जाळ, खिडकीतले पॅसेंजर पांढरेफटक. मग पहिलं बघायचं व्हीबीव्ही (जास्तीची हवा सोडणारे व्हॉल्व्ह) आणि व्हीएसव्ही (कोन बदलणारी स्टेटरची पाती). सीएफएम५६ इंजिन घे. कमी स्पीडला व्हीबीव्ही उघडे नसले तर बूस्टरची (पुढच्या काँप्रेसरची) जास्तीची हवा जाणार कुठे? तुझं व्हीएसव्हीचं शेड्यूल तपासलंस का?

भोवरा_२४:
काका, माझ्याकडे इंजिन नाहीये. रिग आहे, मोटरवर फिरते. ज्वलनच नाही.

सांताक्रूझ_रिटायर्ड:
मग जाळ दिसणार नाही.

न्यूरल_नाना:
थ्रेशोल्डचा जमाना गेला. सगळा डेटा न्यूरल नेटवर्कला दे, ते आपलं आपण शिकेल. मी पंपांच्या बेअरिंगवर केलंय, झकास चालतं.

वातकुक्कुट:
नाना, प्रत्येक धाग्यावर हेच. ८५ हर्ट्झ कुठून येतंय ते आपल्यालाच माहीत नाही, नेटवर्क काय शिकणार? भोवरा, ३००० आरपीएम म्हणजे ५० हर्ट्झ, आणि विजेची गुणगुणही ५०. आधी २७००वर चालव. पीक सरकतं का बघ.

भोवरा_२४:
चालवून आलो. ८५लाच आहे.

पिपाणी:
सेन्सर केसिंगमध्ये थेट बसवलाय की मध्ये नळी आहे? असली तर किती लांब?

भोवरा_२४:
नळी आहेच, सगळेच लावतात ना. माशांच्या टाकीची पारदर्शक. एक मीटर. सेन्सर टेबलावर ठेवायला सोयीचं पडतं.

पिपाणी:
सापडलं तुमचं भूत. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला सेन्सरनं बंद. अशी नळी लांबीच्या चौपट लहरीला गुणगुणते. ३४० भागिले ४ म्हणजे ८५. ती रिग नाही, तुमची बासरी वाजतेय. थ्रॉटल आवळला की गोंगाट वाढतो, म्हणून पीकही वाढतं. दोन्ही नळ्या सारख्याच, म्हणून दोन्हीकडे तेच. अर्धी कापा, दुप्पट होईल.

भोवरा_२४:
कापली. १६०च्या आसपास गेलं. दोन महिने मी नळीवर थ्रेशोल्ड लावत होतो!! पण आता ४४ला एक छोटं पीक दिसतंय, तेही थ्रॉटल आवळल्यावरच. २७००ला ४०वर येतं. दोन्ही सेन्सर एकाच फेजमध्ये. म्हणजे हा तरी सर्ज ना?

वातकुक्कुट:
आरपीएमबरोबर सरकतंय, म्हणजे रोटेटिंग स्टॉलचा (पात्यांच्या काही भागातच हवा अडते आणि ती अडलेली जागा गोल फिरते) संशय जास्त. रोटरनंतर हवा कुठे साठते? टाकी आहे?

भोवरा_२४:
२०० लिटरचं पिंप. सांगायचं राहिलं. रोटरचा व्यास ४० सेंमी, हब-टिप रेशो (आतल्या-बाहेरच्या व्यासाचं गुणोत्तर) ०.६, डक्ट ८० सेंमी.

वातकुक्कुट:
ग्राइट्झरचा १९७६चा बी पॅरामीटर (सर्ज येणार की स्टॉल, ते सांगणारा आकडा) काढा. पात्याच्या टिपचा वेग सेकंदाला ६३ मीटर, तुमचा बी येतो ०.१६. त्याच्या रिगवर साधारण ०.८च्या वर सर्ज, खाली रोटेटिंग स्टॉल. बी टाकीच्या घनफळाच्या वर्गमुळानं वाढतो. सर्ज हवाच असेल तर पंचवीस पिंपं जोडा.

मायमराठी:
सर्जला 'उचकी' आणि रोटेटिंग स्टॉलला 'फिरती कोंडी' का म्हणू नये? उचकीत अख्खं शरीर हलतं, कोंडी चौकाचौकात सरकते.

न्यूरल_नाना:
शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे त्याचं. पण उचकी आवडलं.

भोवरा_२४:
मग फेज एकच का? कोंडी फिरत असेल तर समोरच्या सेन्सरवर उलटी दिसायला हवी.

पिपाणी:
एकच कोंडी असेल तर. दोन असल्या तर समोरासमोरच्या सेन्सरना एकाच वेळी गाठतात, हुबेहूब सर्जसारखं चित्र. प्रत्येकीचा वेग २२ हर्ट्झ, रोटरच्या ४४ टक्के, हे नेहमीच्या पट्ट्यात बसतं. ९० अंशांवर एक सेन्सर लावा, तिथे उलटी फेज मिळाली पाहिजे. आणि या वेळी नळी नको.

सांताक्रूझ_रिटायर्ड:
इनलेटच्या जाळीला लोकरीचे धागे चिकटव. हातात धरून उभा राहू नकोस. सर्जमध्ये सगळे एकदम मागेपुढे होतात. आणि थ्रॉटल परत उघडताना बघ, स्टॉल जिथे लागला त्याच जागी सुटत नाही, पुष्कळ पुढे उघडावा लागतो. आवाजही घरघरीत होतो.

न्यूरल_नाना:
ओळखलं समजा, पुढे काय? कंट्रोल कसं करणार?

वातकुक्कुट:
स्टॉल-सर्ज सुरू होतानाच थेट दाबून टाकायची कल्पना एपस्टाइन, फाउक्स विल्यम्स आणि ग्राइट्झर यांनी १९८९ला मांडली. लॅबमध्ये जमलं. पण स्पाइकनं (अचानक उमटणाऱ्या छोट्या, टोकदार गडबडीनं) सुरुवात झाली तर रोटरच्या चार-पाच फेऱ्यांत खेळ खलास. या रिगवर फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे हातात ०.१ सेकंद. खऱ्या इंजिनात फेरी त्याहून कितीतरी छोटी. म्हणून विमानात सर्जपासून मार्जिन ठेवतात, ब्लीड व्हॉल्व्ह आणि कोन बदलणारे स्टेटर वापरतात.

सांताक्रूझ_रिटायर्ड:
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो.

भोवरा_२४:
केसिंगवर बूच मारलेलं एक भोक होतं, ९० अंशांवरच. सेन्सर थेट बसवला. फेज उलटी! धागे मागेपुढे झाले नाहीत. स्टॉल थ्रॉटलच्या खुणेवर ३१ला लागला, सुटला ४४ला. स्लाइडचं शीर्षक बदलतोय. पिपाणीताई, वातकुक्कुट सर, काका, खूप आभार.

पिपाणी:
ताई नाही, दादा.

हायवेवाला:
माझ्या पेट्रोल टर्बो गाडीत अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला की फुर्रर्र होतं. हेच का?

वातकुक्कुट:
असू शकतं. वेगळा धागा काढा, आणि गाडी कुठली, बायपास व्हॉल्व्ह बदललाय का, ते आधीच लिहा.