गाठ हाताला लागत असली तरी सुई सोनोग्राफीत बघूनच घालावी का?

घोडबंदरची_सून:
माझं मत आधीच सांगते, मग भांडा. स्तनातल्या गाठीत सुई घालायची ती सोनोग्राफीच्या स्क्रीनवर सुई दिसत असतानाच. चाचपून, अंदाजाने नको.

कारण घरातलंच आहे. धाकट्या नणंदेला बोराएवढी गाठ लागली. ठाण्यातल्याच एका नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी दोन बोटांत गाठ धरून बारीक सुईने पेशी ओढल्या, एफएनएसी म्हणतात ती. रिपोर्ट आला, कॅन्सरच्या पेशी नाहीत. घरात पेढे वाटले (मीच आणले, राम मारुती रोडवरून). आधी केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर मात्र 'बायरॅड्स ५' लिहिलेलं होतं, म्हणजे कॅन्सरचा दाट संशय. तो कागद फाइलच्या तळाशी. दीड महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी तो काढला आणि म्हणाले, अहो, हे दोन कागद एकमेकांना खोटं पाडतायत. मग सोनोग्राफीत बघत ट्रूकट केली, जाड सुईने चार तुकडे. कॅन्सरच निघाला.

वागळेचा_बाळ्या:
वहिनी, वाईट वाटलं. पण तुमचा राग चुकीच्या जागी आहे. दोष हाताचा नाही, बारीक सुईचा आणि फाइल न वाचणाऱ्याचा आहे. बायरॅड्स ५ असताना 'काही नाही' असा रिपोर्ट आला तर तपासणी पुन्हा करायची, हा साधा नियम.

माझ्या आईची गाठ लिंबाएवढी होती. सर्जननी ओपीडीतच भूल देऊन हातानेच ट्रूकट केली, त्याच दिवशी. निदान बरोबर आलं. सोनोग्राफीवाल्यांची तारीख दहा दिवसांनंतरची होती. लिंबाएवढी गाठ काय चुकणार?

ऐरोली_टेक्निशियन:
बाळ्यादादा, चुकत नाही, खरंय. पण मोठ्या गाठीचा मधला भाग कधीकधी मेलेला असतो. नेम बरोबर मधोमध लागला तर तुकड्यात नुसता मेलेला भाग येतो. स्क्रीनवर जिवंत कड शोधून तिथलाच तुकडा घेता येतो. दुसरं म्हणजे ट्रूकटच्या गनची सुई खटका दाबल्यावर साधारण दोन सेंटिमीटर पुढे झेपावते. गाठ खोल असेल तर पलीकडे छातीची भिंत असते. सुई त्या भिंतीला समांतर आहे की नाही, हे बोटांना दिसत नाही. सोनोग्राफीला रेडिएशनही नाही.

एफएनएसीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. सुट्या पेशींवरून कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरलाय, ते सांगता येत नाही. त्याला अख्खा तुकडा लागतो.

खारघर_सेक्टर_बारा:
सगळे गाठीवरच अडलात. माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, मात्र मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके, एकाच जागी. कॅल्शियमचे कण. सोनोग्राफीत ते दिसलेच नाहीत. मग हात काय चाचपणार आणि सोनोग्राफी तरी काय दाखवणार?

माझी स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी झाली. स्तन मॅमोग्राफीसारखाच दाबून धरतात, दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढतात आणि त्यावरून कॉम्प्युटर ठिपक्यांची खोली काढतो. मग व्हॅक्यूमची सुई. काढलेल्या तुकड्यांचाही लगेच एक्स-रे घेतला, ठिपके त्यात आलेत ना ते बघायला. जागेवर तिळाएवढी धातूची खूण ठेवली, अजून आहे. दुखलं कमी, पण न हलता पडून राहायचं म्हणजे मान आखडली. रिपोर्ट चांगला आला.

वागळेचा_बाळ्या:
बघा! शेवटी काहीच निघालं नाही आणि खर्च साध्या ट्रूकटच्या कितीतरी पट.

आणि हाताला एवढं हिणवू नका. टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांत १,५१,५३८ बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित बायका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

ऐरोली_टेक्निशियन:
तो अभ्यास मलाही आवडतो. पण तिथे हाताने संशय शोधला, तुकडा नाही काढला. आणि पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नव्हता, तेही लिहा की.

खारघर_सेक्टर_बारा:
'काहीच निघालं नाही' हे कळायलाच तर पैसे भरले, बाळ्यादादा. नाहीतर ऑपरेशन करून तो भाग काढायचा पर्याय होता.

घोडबंदरची_सून:
एफएनएसी आणि हात यांची मी खिचडी केली, मान्य. लिंबाएवढी गाठ आणि दहा दिवसांची तारीख असेल तर मीही कदाचित हातालाच हो म्हणेन. बोराएवढीला नाही म्हणजे नाही.

कळवा_नाका:
मध्येच विचारते. सासूबाईंची गुरुवारी ट्रूकट आहे, सोनोग्राफीतच. शेजारच्या काकू म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो, म्हणून त्या जायलाच तयार नाहीत. रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे.

ऐरोली_टेक्निशियन:
ताई, सुईमुळे आजार पसरून बिघडला असं होत नाही, पण सुईला घाबरून बिघडलेले रोज बघतो. गोळीचं आजच डॉक्टरांना फोन करून सांगा, मनाने बंद करू नका. जुनी मॅमोग्राफी असेल तर नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या.

वागळेचा_बाळ्या:
आणि काकूंना गुरुवारी संध्याकाळपर्यंत घरात घेऊ नका.