वारशाने आलेले एसएसआयएस जॉब: दुरुस्त करावेत की मोडीत काढावेत?

रात्रपाळी: ‘जुना माणूस नोकरी सोडून गेला की त्याची एसएसआयएस पॅकेजेस (एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससाठी माहितीची ने-आण करणारी तयार कामे) उघडूही नयेत, सगळे पायथनमध्ये नव्याने लिहावे’ हे ‘नवी मांडणी’, आपले म्हणणे मला मुळीच मान्य नाही. व्हिज्युअल स्टुडिओत सुरळीत चालणारे पॅकेज एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेच्या, जॉबमध्ये पडते, ते अनेकदा ‘एन्क्रिप्ट सेन्सिटिव्ह विथ यूझर की’ या मूळ सेटिंगमुळे. पॅकेजमधला पासवर्ड ते पॅकेज लिहिणाऱ्याच्या विंडोज खात्याशी बांधलेला असतो आणि एजंटच्या खात्याला तो उलगडत नाही. आमच्याकडे मालसाठ्याच्या एक्सेलमधील काही कोड कोरे उतरत असत. एक्सेल वाचणारा ड्रायव्हर पहिल्या आठ ओळी पाहून स्तंभाचा प्रकार ठरवतो; त्या आठही ओळींत निव्वळ आकडे होते, म्हणून पुढचा ‘बी४०२’ हा कोड नल, म्हणजे कोरा, झाला. रजिस्ट्रीतील एक नोंद बदलताच काम भागले. एवढ्यासाठी फेरलेखन करायचे?

नवी मांडणी: आपण सोयीची उदाहरणे निवडलीत. पॅकेज ज्या डीटीएसएक्स फाइलमध्ये असते ती म्हणजे एक्सएमएल, खुणांनी भरलेला लांबलचक मजकूर. डिझायनरमध्ये दोन चौकटी सरकवल्या तरी फाइलमध्ये इतका फरक दिसतो की खरा बदल कोणता, हे तपासणाऱ्याला शोधत बसावे लागते. शिवाय एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा विस्तारित सपोर्ट ९ जुलै २०२४ रोजी संपला आहे. नव्या आवृत्तीवर हलायचे तर आहेच, मग जुने ओझे कशाला वाहायचे?

रात्रपाळी: पायथनमधली पांडाज ही माहिती हाताळणारी लायब्ररीही ‘एनए’ हा कोड न विचारता कोरा धरते. खड्डे तिथेही आहेत, फक्त ते आपल्याला अजून लागलेले नाहीत.

एजंटवाला: भाषेचा वाद नंतर घाला, आधी जॉबचा मालक कोण ते पाहा. आमच्या एका सहकाऱ्याचे डोमेन खाते त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद झाले आणि त्याच्या नावावरचे सगळे जॉब त्या रात्री पडले. हस्तांतराच्या कागदात त्यांचा उल्लेखही नव्हता. वर, मूळ सेटिंगनुसार एजंट एका जॉबच्या इतिहासाच्या १०० आणि सर्व मिळून १,००० ओळीच ठेवतो. दर मिनिटाला धावणाऱ्या जॉबांनी सकाळपर्यंत रात्रीची चूक पुसून टाकलेली होती.

नवी मांडणी: म्हणजे सगळे ‘एसए’च्या, सर्व अधिकार असलेल्या खात्याच्या, नावावर करून मोकळे व्हायचे? प्रॉक्सी (पायरी चालवण्यासाठी नेमलेले वेगळे खाते) नसेल तर पॅकेज एजंटच्या सेवाखात्याच्या अधिकारांनी चालते. सुरक्षेची ही कसली समज?

एजंटवाला: ‘एसए’चे नावही मी घेतलेले नाही. न लिहिलेले माझ्या तोंडी घालू नका. मालकी एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर नसावी आणि प्रत्येक पायरीला बेताच्या अधिकारांची प्रॉक्सी असावी, हे मी बैठकांमध्ये सांगून थकलो आहे. पॅकेज कशात लिहिले होते, याचा त्या रात्रीशी काडीचा संबंध नव्हता.

नवी मांडणी: मालकी आणि इतिहास आधी तपासावा, एवढे मान्य करतो. पण एक्सेल वाचणारा जुना जेट ड्रायव्हर ३२-बिटचाच आहे. ‘३२-बिट रनटाइम’ची खूण लावून अजून किती वर्षे ढकलणार?

रात्रपाळी: तो मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने का होईना कबूल करतो. नवा कोड जुन्या पॅकेजच्या शेजारी एक पूर्ण महिनाअखेर चालवा आणि दोन्हींचे आकडे मला दाखवा. जुळले, तर जुना जॉब मी स्वतः बंद करीन.