‘ट्रॅडिशनल ओनर’ला मराठीत काय म्हणायचं?

पर्थच्या मराठी मंडळाच्या अंकात मी इथल्या बातम्यांचं पान लिहितो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं राजकारण, खाणी आणि अ‍ॅबओरिजिनल म्हणजे इथल्या आदिवासी लोकांचे प्रश्न हे तीन वेगळे विषय वाटतात पण राज्याच्या उत्तरेकडच्या पिलबारातल्या लोहखनिजाची बातमी आली की तिन्ही एकातच गुंतलेले असतात. बाकी शब्दांचं जमतं, प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री, रॉयल्टी रॉयल्टीच (स्वामित्वधन फक्त जीआरमध्ये), विमानाने ड्युटीवर जाणारे ते ‘फिफो’वाले. अडतं ते ‘ट्रॅडिशनल ओनर्स’पाशी, म्हणजे एखाद्या जमिनीशी परंपरेने नातं असलेला तिथला अ‍ॅबओरिजिनल समाज. संपादक म्हणतात ‘मूळ मालक’ लिहा, मला ते खटकतंय. सुचवा काहीतरी.

—

मालक नकोच. मालक म्हटलं की आपला माणूस सातबारा शोधतो. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या १९९२ च्या माबो निकालानंतर १९९३ ला नेटिव्ह टायटलचा, म्हणजे जमिनीवरचा पारंपरिक हक्क मानणारा कायदा आला, पण तो हक्क बाजारात विकता येत नाही आणि जमिनीखालचं लोखंड तर सरकारचंच. मग मालक कसले? ‘परंपरागत हक्कदार’ लिहा, आपल्याकडे सामूहिक वनहक्काच्या बातम्यांमुळे हक्कदार शब्द रुळलेला आहे.

—

हक्कदारमध्ये मिळमिळीतपणा आहे हो. हक्कदार तर रेशनकार्डवाला पण असतो.

मला वाटतं मालकच ठेवा, आणि त्याला कारण आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅबओरिजिनल वारसास्थळांचा जुना कायदा १९७२ चा, त्याचं कलम १८ बघा. वारसास्थळाला धक्का लावायचा असेल तर जमिनीच्या ‘ओनर’ने मंत्र्यांकडे परवानगी मागायची, आणि त्या कलमापुरता खाणपट्टा ज्याच्या नावावर तोसुद्धा ओनर धरलाय! म्हणजे कायद्याच्या लेखी मालक कोण तर कंपनी. रिओ टिंटो या खाणकंपनीला पिलबारातल्या जुकन गॉर्जसाठी २०१३ ला अशीच परवानगी मिळाली आणि मे २०२० मध्ये ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, सगळं कायदेशीर. तिथले पेपर त्या बातमीत ‘ट्रॅडिशनल ओनर्स’ लिहितात तेव्हा त्या ओनर शब्दात एक दावा असतो, कागदावरचे मालक ते असतील पण परंपरेने आम्ही. तुम्ही हक्कदार केलंत की तो दावाच गेला.

बाय द वे पुढचा तमाशा पण लिहा. २०२१ ला नवा वारसा कायदा केला, १ जुलै २०२३ ला लागू झाला, शेतकरी आणि पशुपालकांनी एवढी बोंब मारली की पुढच्याच महिन्यात प्रीमियर रॉजर कुक यांच्या सरकारने तो मागे घ्यायचं जाहीर केलं आणि परत १९७२ चाच कायदा, थोड्या दुरुस्त्या करून.

—

कोकणातून एक सूचना, ‘राखणदार’. तिकडे कस्टोडियन पण म्हणतात ना?

—

राखणदार ऐकायला झकास पण आपल्याकडे तो देव असतो, त्याला नारळ देतात. जिवंत माणसं कोर्टात भांडतायत त्यांना राखणदार म्हटलं की ती लोककथेतली होऊन जातात.

—

मी गडचिरोलीतून लिहितेय. सुरजागडच्या लोहखाणीच्या बातम्या करताना आम्हाला हीच अडचण येते, डोंगर ठाकूरदेवाचा, लीज कंपनीची. आम्ही शक्यतो सरळ ‘माडिया’ लिहितो, समाजाचं नाव आधी आणि विशेषण नंतर. तुम्ही पण यिंजिबार्न्डी (पिलबारातले), नूंगार (पर्थच्या बाजूचे) असंच लिहा. मूलनिवासी मात्र टाळा, महाराष्ट्रात त्या शब्दाचं वेगळंच राजकारण आहे, वाचक भलतीकडे जाईल. आदिवासी चालेल, पण ‘अ‍ॅबओरिजिनी’ हे जुनं नाम नको, आता ते अपमानकारक समजतात.

—

धन्यवाद ताई, हे पटलं. कलम १८ वाला मुद्दाही पटला, त्यामुळे मालक शब्द राहू देतो, फक्त ‘मूळ’ काढून ‘परंपरेने या जमिनीचे मालक असलेले यिंजिबार्न्डी’ असं पहिल्या उल्लेखाला आणि पुढे नुसतं नाव. लांब आहे, संपादक कुरकुरतील, कुरकुरू देत.

आता ‘कंट्री’. हे लोक आपापल्या भागाला कंट्री म्हणतात, त्यात जमीन, पाणी, पूर्वज सगळं आलं. देशावरचा माणूस म्हणतो तो ‘देश’ तिथे चालेल का? कोकणवाल्यांनी आधी बोला.