मुलांच्या कालपटासाठी होलोसीन गणना वापरावी का?

प्रश्न

वडोदऱ्यातील आमच्या मराठी वाचनालयाच्या बालविभागासाठी मी शेतीच्या आरंभापासून आजपर्यंतचा एक लांब कालपट तयार करीत आहे. अशोकाचे राज्य इ.स.पू. २६८ च्या सुमारास सुरू झाले आणि इ.स.पू. २३२ मध्ये संपले, असे सांगताच एका मुलीने विचारले की, राजाचे वय वाढत होते तर वर्षे कमी कशी झाली. तिची शंका मला अगदी रास्त वाटली. त्यातच आमच्या घरी शक गुढीपाडव्याला बदलतो, शेजारच्या गुजराती घरातला विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो आणि शाळेचे साल जानेवारीत. भूवैज्ञानिक चेझारे एमिलियानी यांनी १९९३ मध्ये सुचवलेली होलोसीन गणना, म्हणजे इसवी सनात सरळ १०,००० मिळवण्याची पद्धत, या कालपटावर वापरली तर मुलांचा गोंधळ कमी होईल की आणखी एका सनाची भर पडेल?

उत्तर १

ताई, अवश्य वापरावी. इसवी सनाचे वर्ष असेल तर १०,००० मिळवायचे आणि सनपूर्व असेल तर ते १०,००१ मधून वजा करायचे, कारण इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळे अशोकाचे राज्य ९७३३ ते ९७६९ असे पुढे जाते आणि ३६ वर्षे साध्या वजाबाकीने मिळतात. कच्छमधले सिंधू संस्कृतीचे नगर धोलावीरा ७००१ मध्ये येते, तुर्कस्तानातले गोबेक्ली टेपे हे दगडी खांबांचे प्राचीन स्थळ ५०१ च्या आसपास. दहा हजारांना ४०० ने पूर्ण भाग जात असल्यामुळे लीप वर्षे बदलत नाहीत आणि वारही तेच राहतात.

उत्तर २

मी गेली अनेक वर्षे मोडी कागद वाचतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. पानिपतचे वर्ष आपण इ.स. १७६१ म्हणतो, पण त्या काळच्या कागदांत ते शके १६८२ असते किंवा सुहूर सनात 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, असे अरबी संख्याशब्दांत असते. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीचा हंगाम आणि वसुलीचा हिशेब त्या सनाशी बांधलेला होता. कागदावर कोणता सन घातला आहे, त्यावरून तो कोणत्या व्यवहारातला आहे हे कळते आणि सरसकट रूपांतर केले की ही खूण पुसली जाते. भिंतीवरच्या कालपटाला माझी हरकत नाही, मात्र अस्सल पत्राच्या नकलेवर मूळ सनच राहू द्यावा.

वरच्या उत्तरातील '७००१' मला खटकले. धोलावीऱ्याची वस्ती इ.स.पू. ३००० च्या सुमारास सुरू झाली, एवढेच आपण म्हणू शकतो. तिथे 'सुमारे ७०००' असे लिहावे, नाहीतर अंदाजाला नेमक्या तारखेचे रूप येते. ही गणना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही, असे म्हणतात तेही पूर्णपणे खरे नाही, कारण तिचा पाया इ.स. ५२५ मध्ये डायोनिसियस एक्झिगुअस यांनी मांडलेला ख्रिस्तजन्माचा हिशेबच आहे. शिवाय भूशास्त्रातला होलोसीन, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरचा, कालखंड इ.स.पू. ९७०० च्या सुमारास सुरू होतो, म्हणजे या गणनेच्या साधारण ३०० व्या वर्षी. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांतली सर्वात जुनी दगडी हत्यारे तर तिच्या आरंभाच्याही फार मागे जातात. तिथे पुन्हा उणे वर्षेच येणार, हे मुलांना आधीच सांगावे.

उत्तर ३

संवताची पट्टी काढणार असाल, तर एक लक्षात ठेवा. शकात १३५ मिळवून संवत काढायची सवय गुजरातेत चैत्र ते आश्विन या महिन्यांत चुकते, तेव्हा १३४ मिळवावे लागतात. कार्तिक ते फाल्गुन मात्र १३५. मध्य प्रदेशात संवत चैत्रातच बदलतो, त्यामुळे तिथे वर्षभर १३५ चालतात.

प्रश्नकर्त्या

काका, तुमची दुरुस्ती मान्य आहे. वरच्या ओळीत होलोसीन वर्ष, खाली इसवी, आणि पानिपतच्या चिठ्ठीवर शके १६८२ व सुहूर ११६१ तसेच ठेवीन. भिंत नऊ मीटरची आहे, म्हणून हजार वर्षांना ७५ सेंटिमीटर धरले आहेत. भीमबेटकासाठी डावीकडच्या कोपऱ्यापलीकडे कागद वळवून एक पट्टी कोरी सोडते.