मदत हवी आहे: पूर्व आशिया विभाग बंद करायला निघालेत, विश्वस्तांपुढे तीन मिनिटांत काय बोलू?

कांजीवेडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी. (आयडीतली कांजी म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं. तापात देतात ती पेज नव्हे. आईलाही आधी तेच वाटलं होतं.)

मी पुण्याची. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या परीक्षा दिल्या आणि आता अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पूर्व आशिया अभ्यासात एम.ए. करतेय. नाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका. दोन आठवड्यांपूर्वी एक मेल आली. मथळा 'पुनर्रचना', आणि तिसऱ्या परिच्छेदात हळूच लिहिलेलं की पुढच्या वर्षापासून आमच्या बी.ए. आणि एम.ए.ला नवे प्रवेश नाहीत. जपानी आणि चिनीचे पहिल्या दोन वर्षांचे वर्ग राहतील. कोरियनच्या बाईंचा करार वाढवणार नाहीत. जुन्या जपानीचा वर्ग तर सरळ बंद. कारण काय, तर 'पदवी घेणाऱ्यांची संख्या अपुरी'.

मागच्या गुरुवारी ग्रंथालयासमोर दीडेकशे जण पावसात उभे राहिलो. इंजिनिअरिंगची मुलंही आली होती. त्यातल्या एकाने चिनी फलक अख्खा वेळ उलटा धरला, आणि विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात नेमका तोच फोटो आला. हसून घेतलं, पण विभागाच्या बाहेर हे कुणाला वाचता येत नाही ही खरी गोष्टही त्या फोटोत आलीच.

आता विश्वस्त मंडळापुढे बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळणार आहेत आणि विद्यार्थ्यांतर्फे माझं नाव गेलंय. तेव्हा विचारायचं असं की अशी आंदोलनं कुठे यशस्वी झालीत का? एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना मी यात किती पुढे असावं? आणि तीन मिनिटांत नेमकं काय बोलू? 'संस्कृतींमधला सेतू' वगैरे लिहून पाहिलं, माझं मलाच झोप आणणारं वाटलं.

उत्तरध्रुव

मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला नोकरीला होतो, तेव्हाचं शेजारच्या डरम विद्यापीठाचं सांगतो. तिथे १९५१ पासून प्राच्यविद्येचं शिक्षण चालू होतं. २००३ मध्ये विद्यापीठाने पूर्व आशिया विभाग बंद करायचं जाहीर केलं. मुलांनी निदर्शनं केली, बाहेरच्या अभ्यासकांनी निषेध केला, तरी निर्णय बदलला नाही. आत असलेल्या मुलांना पदवीपर्यंत शिकवलं आणि २००७ मध्ये विभागाला कुलूप लागलं. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठाचं प्राच्य वस्तुसंग्रहालय दिमाखात चालूच राहिलं. चिनी भांडी बघायला या, चिनी शिकायला दुसरीकडे जा!

पण पुढचं ऐका. आज त्याच डरममध्ये आधुनिक भाषांच्या विभागात चिनी आणि जपानी पुन्हा पदवीपर्यंत शिकवतात. मोडून परत बांधलं. मधल्या काळात जी माणसं आणि जो जम गेला त्याचा हिशेब कुणी मांडला असेल असं वाटत नाही. हे उदाहरण विश्वस्तांना जरूर सांगा. त्यांना तत्त्वापेक्षा दुप्पट खर्चाची भीती लवकर कळते.

फणसपोळी

कांजीवेडी, मी अमेरिकेतल्याच एका कॉलेजात शिकवते आणि अशा समित्यांवर बसलेय, म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

अलीकडचं ठळक उदाहरण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचं. ४५ दशलक्ष डॉलरची तूट दाखवून ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी जागतिक भाषांचा अख्खा विभागच काढायचा प्रस्ताव आणला. २१ ऑगस्टला मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. लाल कपडे, लाल रुमाल. तिथल्या खाणकामगारांच्या १९२१ च्या लढ्यातली ती खूण, म्हणजे गावाला लगेच समजणारी. १५ सप्टेंबरला मंडळाने २८ अभ्यासक्रम आणि १४३ अध्यापकपदं रद्द केलीच. भाषांच्या पदव्या गेल्या. पण मूळ प्रस्तावात एकही भाषा राहणार नव्हती, ओरड झाल्यावर स्पॅनिश आणि चिनीचे वर्ग मोजक्या शिक्षकांसह राहिले. आंदोलनातून साधारण एवढंच पदरात पडतं. म्हणून 'सगळं वाचवा' म्हणताना आतून काय सोडायचं नाही ते आधी ठरवून ठेवा.

दुसरं म्हणजे 'पदवी घेणाऱ्यांची संख्या' हा आकडा फसवा आहे. तुमच्या वर्गात पदवीचे सहा असतील, पण बाकीच्या खुर्च्यांवर संगणकवाले, बिझनेसवाले, संगीतवाले बसलेले असतात आणि तेही फी भरतात. एकूण क्रेडिट तास (सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेले फीचे तास) मागवा. सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती अधिकारासारखा राज्याचा कायदा असतो, पण त्यात आठवडे जातात. आधी विभागाच्या कार्यालयात गोडीने विचारा, तिथल्या बाईंकडे सगळे तक्ते असतात. भाषेच्या कंत्राटी शिक्षकाचा पगार आणि त्याच्या वर्गातून येणारी फी शेजारी शेजारी मांडा, मग बोला.

आणि कोरियन काढताहेत? अमेरिकेतल्या आधुनिक भाषांच्या संघटनेची गणती बघा. २०१६ ते २०२१ मध्ये इंग्रजीखेरीज इतर भाषांचे प्रवेश १६.६ टक्क्यांनी घसरले, आणि त्याच काळात कोरियनचे ३८ टक्क्यांनी वाढले. पूर आलेल्या विहिरीवर झाकण घालायला निघालेत.

व्हिसा: परवानगी घेतलेल्या शांत सभेत नुसतं उभं राहिल्याने एफ-१ च्या अटी मोडत नाहीत, अटक झाली तर मात्र भानगड होऊ शकते. इमारत अडवणं, रात्री ठाण मांडणं हे नागरिक असलेल्या मित्रांवर सोडा. विद्यापीठाची मोफत कायदा सेवा सहसा विद्यापीठाविरुद्धच्या बाबतीत सल्ला देत नाही, म्हणून बाहेरच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्याच, मी वकील नाही. चालू विद्यार्थ्यांचं शिक्षण पुरं करून देण्याची योजना लेखी मागा. तोंडी 'काळजी करू नका'वर जाऊ नका. आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) जो अभ्यासक्रम आहे तो कोणत्या सत्रापर्यंत चालेल, हे त्या लेखी योजनेत हवं.

टवाळ_नंदी

वाईट वाटून घेऊ नका, पण फोनमध्ये आता सगळं भाषांतर होतं. दहा मुलांसाठी विभाग कशाला चालवायचा? फीच्या पैशात डेटा सायन्स केलं असतंत.

कांजीवेडी

@फणसपोळी ताई, विभागाच्या कार्यालयात आजच गेले. तक्ते मिळाले, सोबत चहाही. पदवीचे आम्ही मोजकेच, पण भाषेच्या वर्गातली डोकी कितीतरी पट. आकडे नीट तपासून लिहीन.

@टवाळ_नंदी, वाईट नाही वाटलं, विश्वस्तही हेच विचारणार आहेत. वेस्ट व्हर्जिनियातही भाषेच्या ॲपशी भागीदारीचा पर्याय पुढे केला होता. पण आमचा बुधवारचा वर्ग सांगते. चौघं जण एका टेबलाभोवती. मध्ये काळ्या स्पंजच्या पाचरींवर टेकवलेलं दोनेकशे वर्षांपूर्वीचं लाकडी ठशांवर छापलेलं पुस्तक. कागद इतका पातळ की श्वास लागला तरी पान उचलतं. अक्षरं एकमेकांत ओघळलेली. या जुन्या जोडलेल्या जपानी लिखाणाला कुझुशिजी म्हणतात. एकेका ध्वनीसाठी अनेक वळणं असायची. १९०० साली जपानने शाळांसाठी एकच वळण ठरवलं आणि बाकीची हळूहळू गेली. आज सुशिक्षित जपानी माणसालाही पणजीचं पत्र वाचता येत नाही.

यासाठीही ॲप आहे, २०२१ पासून. मीही वापरते, छान आहे. पण परवा त्याने एका ओळीत दोन अक्षरं चुकीची लावली आणि वाक्यात 'आला'चा 'न आला' झाला. सरांनी भिंग सरकवून एवढंच विचारलं, "व्याकरण काय म्हणतंय?" ॲप चुकलंय हे ओळखणारं माणूस कुठे तयार होणार, हा माझा प्रश्न आहे.

निवृत्त_मास्तर

पोरी, हे वाचून मला मोडी आठवली गं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद पडलेत आणि वाचणारे किती? लिपी शाळेतून गेली की दोन पिढ्यांत घरचेच कागद परके होतात.

आणखी एक. आपल्या पुण्याचे पु. वि. बापट पाली आणि बौद्ध विद्येचे मोठे पंडित. विमुक्तिमार्ग नावाचा बौद्ध ग्रंथ मूळ भाषेत अखंड उरलेलाच नाही, पूर्ण राहिला तो चिनी भाषांतरात. बापटांनी तो चिनीतून वाचून विशुद्धिमार्ग या पाली ग्रंथाशी ताडून पाहिला आणि ते काम १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडचा हरवलेला ग्रंथ चिनीत सापडतो, तेव्हा ही भाषा आपल्याला परकी म्हणायची का?

फणसपोळी

मास्तर, सुंदर. पण विश्वस्तांपुढे बापट चालणार नाहीत हो. त्यांच्यापुढे स्पुटनिक चालेल. १९५७ ला रशियाने उपग्रह सोडला आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकेत अशा भाषांना सरकारी पैसा मिळू लागला. संरक्षण म्हटलं की सगळे खुर्चीत सरळ बसतात.

शिवाय जपान फाउंडेशन, कोरिया फाउंडेशन या त्या देशांच्या संस्थांच्या, परदेशी विद्यापीठातल्या अध्यापकपदाला काही वर्षं मदत करणाऱ्या योजना असतात. अर्ज विद्यापीठानेच करायचा असतो, म्हणून 'तुम्ही अर्ज केलात का?' हा प्रश्न सभेत, सगळ्यांसमोर विचारा.

कांजीवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. संरक्षणाचा मुद्दा माझ्या तोंडून निघणार नाही, भारतीय विद्यार्थिनीने अमेरिकेच्या संरक्षणावर बोलणं विनोदी होईल. तो आमच्यातला एक माजी सैनिक मांडणार आहे. तो लष्करातच कोरियन शिकला.

मी असं ठरवलंय: पहिलं मिनिट खुर्च्या आणि फीचे आकडे, मग डरम, मग फाउंडेशनचा प्रश्न. उरलेल्या पाऊण मिनिटात दोन कागद वर धरायचे, एक कुझुशिजीचा, एक मोडीचा, आणि म्हणायचं की दुसरा माझ्या गावचा आहे आणि मला तो वाचता येत नाही. ते खरंच आहे. कुझुशिजीची प्रत ग्रंथालयाने दिली. मोडीचं पान मात्र नेटवरचं नको वाटतं. कुणाच्या घरी खराखुरा कागद असेल तर फोटो व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवाल का? सभा मंगळवारी आहे.

निवृत्त_मास्तर

आमच्या पणजोबांचा शेताच्या वाटणीचा कागद आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. उद्या सकाळी उजेडात फोटो काढतो. एका कोपऱ्याला कसर लागलीय, चालेल ना?