30 लाखात जुनी एक्स-3, जीएलसी की एक्ससी-60? रोज बेळगाव सिटी, मधनं मधनं चोर्ला घाट

टिळकवाडी_22
नमस्कार मंडळी. जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायचं चाललंय, बजेट 30 लाख, त्यात टॅक्स-बिक्स सगळं आलं. घरचे म्हणालेत फॉर्च्युनर घे आणि गप्प बस, पण मला चालवायला मजा येणारी पाहिजे. तीन बघून ठेवल्यात, 2018 ची बीएमडब्ल्यू एक्स-3 20डी पुण्याची एमएच-12, 2017 ची मर्सिडीज जीएलसी 220डी इथलीच केए-22, आणि 2018 ची व्होल्वो एक्ससी-60 डी-5 बेंगळुरूची. तिन्ही डिझेल, बीएस-4 (धुराचा जुना नियम). रनिंग म्हणाल तर रोज टिळकवाडी ते उद्यमबाग, इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येतंय, आणि सुट्टीला जांबोटी-कणकुंबी वरनं गोवा नाहीतर हायवेनं पुणे. इंजिन, टिकाऊपणा, घाटात पकड, या हिशेबानं सांगा. एक्स-3 च्या पार्टीनं किंमत चांगलीच खाली आणलीय, मन तिकडंच ओढालंय.

हायवे_48
घरचे बरोबर म्हणालेत की ओ! जुनी 2.8 फॉर्च्युनर, 177 ची पॉवर, निपाणीपासनं धारवाडपर्यंत कुठल्याबी गॅरेजला उभी करा, पार्ट मिळतोय, आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात. हे जर्मन लाड पुण्या-बेंगळुरूवाल्यांनी करावेत.

कणकुंबीकर
@हायवे_48 मान्य, पण त्यानं घाटात मजा पण मागितलीय. फॉर्च्युनर म्हणजे लॅडर फ्रेम (ट्रकसारखा सांगाडा), उंच बॉडी, जड स्टिअरिंग, चोर्लाच्या वळणांना मागच्या सीटवरची माणसं एकमेकांच्या अंगावर येतात, आणि माझ्या मामींना तर अर्ध्या वाटेत लिंबू द्यावं लागतंय. एक्स-3 त्याच वळणात रुळावरनं गेल्यासारखी जाते, स्टिअरिंग फिरवाल तेवढंच नाक वळतंय. जीएलसी जरा मऊ, पण घरच्या लोकांना तीच आवडणार. व्होल्वोत पॉवर जास्त, पण वजन पण जाणवतंय, आणि इथं आलेल्या त्या डी-5 ला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे) असतंय. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं रस्ता कसा होतोय सगळ्यांना माहीत हाय, सात वर्षाच्या एअर सस्पेन्शनवर तिथनं जायचं म्हणजे खिसा गरम पाहिजे. बीएमडब्ल्यूत टायर बघा, रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी चालणारे) असले तर साईडवॉल कडक, खड्डा थेट कमरेला कळतोय.

उद्यमबाग_लेथवाला
इंजिनचं मी सांगतो. आकडे बघाल तर एक्स-3 190 हॉर्सपॉवर 400 न्यूटन मीटर, जीएलसी 170 पण टॉर्क तोच 400, व्होल्वो 235 आणि 480. घाटात उपयोग टॉर्कचा, म्हणजे ओढायच्या ताकदीचा, त्यामुळं पहिल्या दोघीत 20 हॉर्सपॉवरवरनं डोकं फोडू नका. बीएमडब्ल्यूचं जुनं एन-47 इंजिन टायमिंग चेनसाठी (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) बदनाम, कारण चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, बदलायची झाली तर इंजिनच खाली काढा. तुमची 2018 ची म्हणजे बी-47, ती सुधारलेली, पण चेन अजून मागंच. जीएलसीचं ओएम-651 पण तसंच, चेन मागं. व्होल्वोला चेनच्या जागी बेल्ट, तो वेळेत बदललाय काय त्याची पावती मागा, तुटला तर व्हॉल्व्ह गेले.

बी-47 च्या ईजीआर कूलरचं (ईजीआर म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणारी सिस्टीम) पण विचारा, 2018 ला कोरियात आणि युरोपात कूलरमधनं कूलंट गळून आगी लागल्या म्हणून कंपनीनं गाड्या माघारी बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन कंपनीकडनं चेक होतंय.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल डीलर 'लाईफटाईम हाय, बदलायचं नसतंय' म्हणाला तर ऐकू नका. एक्स-3 चा आठ स्पीड बॉक्स ज्या झेडएफचा हाय ती कंपनीच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते.

आणि तुमचं रोजचं रनिंग हाच खरा घोळ हाय. एवढ्याशा अंतरात डिझेल तापतच न्हाई, ईजीआर आणि इनटेक काजळीनं भरतोय, मग ब्रँड कुठला का असेना. बीएस-6 डिझेल घ्यायचा विचार आला तर त्याला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), तो अजून लवकर चोंदतोय. पेट्रोल बघा की एखादी, ऑडी क्यू-5 45 टीएफएसआय, 252 ची हाय, चोर्लात पळवायला कमी पडत न्हाई.

चिकोडी_वकील
सगळे इंजिनवर बोलालेत, टॅक्सचं कोण बोलणार? एमएच-12 गाडी इकडं कायमची आणली की पुण्याहून एनओसी, बारा महिन्यांच्या आत कर्नाटकचा नंबर, आणि इथला लाईफ टॅक्स. 20 लाखाच्या वरच्या गाडीला 18 टक्के, आणि तो मूळ बिलाच्या किमतीवर धरून गाडीच्या वयाप्रमाणं कमी करतात, तुम्ही आज किती दिले त्यावर न्हवं. 55 लाखाची गाडी म्हटली तर पूर्ण टॅक्स 9 लाख 90 हजार होतोय, त्यातनं वयाची सूट वजा. महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला परत मागता येतोय, पण त्या फायलीच्या मागं फिरायची तयारी ठेवा. पार्टीनं किंमत खाली का आणलीय ते आता कळलं असेल. केए-22 जीएलसीला यातलं काहीच न्हाई, नुसतं नावावर ट्रान्सफर.

टिळकवाडी_22
वकीलसाहेब, हे डोक्यातच आलं न्हवतं. म्हणजे एक्स-3 बाद. व्होल्वो पण एअर सस्पेन्शनमुळं नको. पेट्रोल क्यू-5 शोधतो, पण केए नंबरचीच. तोवर ती जीएलसी समोर हाय तर बघताना काय बघू?

उद्यमबाग_लेथवाला
सर्व्हिस रेकॉर्ड चेसिस नंबरवर कंपनीकडनं काढा, फाईलमधल्या झेरॉक्सवर जाऊ नका. किलोमीटर मीटरवर एक आणि स्कॅनरवर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये वेगळे दिसले तर तिथनंच माघारी या. चारी टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले पाहिजेत, फोर-मॅटिक (चारी चाकांना ताकद जाणारी) हाय ती, आणि मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, अडखळत, थडथडत चालली तर ट्रान्सफर केसचा (ती ताकद पुढं-मागं वाटणारा भाग) खर्च धरा. गाडी बंद पडली तर मर्सिडीजच्या वर्कशॉपला टो करून कुठं न्यायची, किती लागतील, हे आधी फोन करून विचारा.

रविवारी सकाळी गाडी उद्यमबागेत आणा, मी असतोय. मालकाला आधीच सांगून ठेवा, चालू करून आणू नका म्हणून, रिकव्हरी व्हॅनवर टाका न्हाईतर आपणच त्याच्या दारात जाऊ. चेनचा आवाज थंड इंजिनलाच येतोय, पहिले दोन-तीन सेकंद, नंतर कायबी कळत न्हाई.