मदत हवी आहे: अभंगाच्या व्हिडिओत हात आधी पडतो, थाप नंतर ऐकू येते

मंडळी, आम्ही कॉलेजातले सहा जण तुकोबांच्या एका अभंगाचा म्युझिक व्हिडिओ करतोय. गिटार आणि पखवाज एकत्र. अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले, त्यावर आज कुणाचा कॉपीराइट नाही. प्रसिद्ध चाल घेतली असती तर परवानगीचा प्रश्न आला असता, म्हणून चाल आम्हीच बांधली. गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं. आधी रेकॉर्डिंग केलं, मग ते स्पीकरवर लावून दोन मोबाइलवर शूट केलं.

नदीकाठचे शॉट्स छान बसलेत. देवळातले मात्र बसत नाहीत. सुरुवात जुळवली की पहिलं कडवं ठीक जातं, तिसऱ्यापर्यंत चित्र पुढे पळतं. ओठांचं एक वेळ खपेल, पण पखवाजावर हात आधी पडतो आणि थाप नंतर येते, ते बघवत नाही.

पखवाज वाजवणारे आमच्या गावातले आजोबा. दिंडीबरोबर ते देहूहून निघालेत, आषाढीनंतरच परततील. आम्हाला एकादशीलाच व्हिडिओ त्यांना पाठवायचाय. ग्रुपमधले दोघं म्हणतात, देवळाचा भाग काढून टाकू. मला ते पटत नाही. आजोबा दोन तास मांडी घालून बसले होते, एकदाही कंटाळले नाहीत. काही उपाय आहे का?

प्रतिसाद:
एक तपासा. देवळात मोबाइलने जो कच्चा आवाज टिपलाय, तो मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐका. तो शेवटपर्यंत जुळतो का?

धागाकर्ती:
जुळतो! आवाज तंतोतंत आहे, चित्रच पळतं.

प्रतिसाद:
मग स्पीकरचा किंवा गाणाऱ्याचा दोष नाही. अंधार असला की बरेच मोबाइल जास्त उजेड घेण्यासाठी प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, जरा जास्त वेळ टिपतात. त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी कधी २७, कधी २४ फ्रेम मिळतात. एडिटिंग सॉफ्टवेअर त्या ३० धरून चालवतं, म्हणून चित्र लवकर संपतं. नदीकाठी ऊन होतं, तिथे हे झालं नाही.

हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ३० आणि 'कॉन्स्टंट', म्हणजे कायम सारखा, निवडून प्रत्येक क्लिप नव्याने काढा, एडिटिंग त्याच प्रतींवर करा. मोबाइलमधल्या मूळ फाइल्सच वापरा, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या नकोत. तरीही चार-दोन फ्रेमचा फरक उरला तर अख्खा टेक लावू नका. दर दोन ओळींनी कापा आणि प्रत्येक तुकडा थापेवर बसवा.

पुढच्या वेळी प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. चित्र सरकलंय का, ते तिथल्या तिथे कळतं. आणि देवळातल्या ट्यूबलाइटमुळे पट्टे दिसत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

धागाकर्ती:
पट्टे आहेत, एका शॉटमध्ये. तो सोडून देऊ. एक क्लिप बदलून पाहिली, तिसऱ्या कडव्यातली तिहाई (तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) थापेला थाप बसली! उरलेल्या अकरा क्लिप्स आज रात्री लावते. देवळाचा भाग काढायला निघालेले दोघंच आता कोणता टेक घ्यायचा यावर भांडतायत. मनापासून आभार.